विषय क्रमांक अकरा

मंगळवारी सात वाजता मी नावं पुकारते.
हॅगस्ट्रॉम? हजर. पेटिग्रू? हजर.
ल्युसेरो? हजर, पण तोंडात सँडविच.
ओयेलारान वाटेत आहे. बर्फ.
एकूण सात जण. एक दातांची डॉक्टर,
एक शाळेची बस चालवतो,
एकाचं सायलेन्सर बदलायचं दुकान,
दोघं निवृत्त, एकाचं नक्की काय ते मला अजून कळलेलं नाही,
आणि मधल्या खुर्चीत महापौर.
मत तिलाही एकच,
हातोडी तेवढी जास्तीची.

शहर चालवायला पगारी व्यवस्थापक आहे.
हे सातजण त्याला विचारतात, आणि तो
"तपासून सांगतो" म्हणतो
इतकं सुरेख,
की सांगितल्यासारखंच वाटतं.

विषय नऊ: घरामागे कोंबड्या किती असाव्यात.
प्रशासन म्हणतं चार. हॅगस्ट्रॉमबाई म्हणतात सहा.
कोंबडा नको, यावर सगळे एक,
तरी वीस मिनिटं कोंबड्यावरच.
ओयेलारान बूट झटकत आला, बसता बसता म्हणाला,
एकटी कोंबडी खात नाही नीट.
क्षणभर सभागृह गप्प.
मग पाच. चार विरुद्ध तीन.
घड्याळात नऊला तीन कमी.

विषय दहा: सांडपाण्याच्या नळांसाठी कर्ज.
बेचाळीस लाख डॉलर, वीस वर्षांत फेडायचं.
सूचक ल्युसेरो, अनुमोदक पेटिग्रू,
एकमताने मंजूर.
चाळीस सेकंद.
मी मोजले. घड्याळ माझ्याकडेच असतं.

विषय अकरा: नागरिकांचं म्हणणं.
माणशी तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, तांबडा,
तिन्ही माझ्या बोटाखाली.

वर्लीन स्टबलफील्ड, वय एक्क्याऐंशी,
दोन तास कोट न काढता बसलेली,
मांडीवर लोणच्याची बरणी,
लेबल अर्धं खरवडलेलं, आत चहाच्या रंगाचं पाणी.
तिनं ती माइकशेजारी ठेवली.
"हे माझ्या तळघरातलं. आज पहाटेचं.
आधी वॉशिंग मशीनच्या पायांशी होतं.
मग नवऱ्याच्या बुटांशी.
बूट मी वरच्या फळीवर ठेवले, पण फळी आता..."

तांबडा.

ती थांबली. वाक्याच्या मधोमध,
रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबणाऱ्या गाडीसारखी.
बोला पुढे, असं कुणी म्हणालं नाही.
माझं बोटही तिथंच.

पाणी कुठं मुरतंय हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक:
वायव्येच्या विटांच्या गटारात, शंभर वर्षांच्या.
चाळीस सेकंदांचं कर्ज त्याच गटारासाठी.
तक्त्यात तिची गल्लीही आहे,
टप्पा तिसरा, नऊ वर्षांनी.
तिला सांगितलं नाही कुणी.
ज्याची सूचना तीन दिवस आधी फळ्यावर लागत नाही
त्यावर उत्तर द्यायला सदस्यांना मनाई आहे.
नियम चांगला आहे. मीच टंकलिहिला होता.

एक्क्याऐंशी अधिक नऊ.
इतिवृत्तात बेरजा लिहीत नाहीत.
मी लिहिलं: श्रीमती स्टबलफील्ड यांनी
पाण्याविषयी निवेदन केले. नोंद घेतली.

हातोडी. सभा तहकूब.
जिन्यात ओयेलारान तिला गाठून
कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी लिहून देत होता.
शनिवार, पंप, मेव्हण्याचा टेम्पो, एवढं ऐकू आलं.
त्या ठरावाला सूचक नाही, अनुमोदक नाही,
क्रमांकही नाही.

बरणी ती विसरली. की ठेवून गेली, माहीत नाही.
सभागृहात सापडलेली वस्तू
नव्वद दिवस जपायची असते.
माझ्या खिडकीत आहे.
गुरुवारपर्यंत गाळ खाली बसला,
वरचं पाणी इतकं स्वच्छ
की झेंड्याचा खांब त्यातून जाडजूड दिसतो.

व्यवस्थापक दारात थांबला,
हे काय, म्हणाला.

तपासून सांगते, म्हटलं.